पहिली ओळ दोनदा

१२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
खुळखुळ्याचा सा. न. वि. वि.

सोबत एक कॅसेट आहे. आधी ती ऐक आणि मग पत्र वाच असं लिहिणार होतो, पण तू माझं ऐकलंयस कधी? तेव्हा वाच.

बातमी अशी की हा म्हातारा पुन्हा अल्बम काढतोय. मागचा निघाला तेव्हा माझ्या ठकीचं लग्न व्हायचं होतं, आता तिच्याच केसांत पांढरं दिसायला लागलंय. मधल्या काळात लोकांनी मला जवळजवळ पोचवलंच होतं. परवा एका वाद्यांच्या दुकानात तारा घ्यायला गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने मला माझंच नाव सांगितलं आणि ते ब्लूजवाले गृहस्थ केव्हा वारले म्हणून विचारलं. मी म्हटलं, चौकशी करून कळवतो.

रेकॉर्डिंग एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात चालतं. भिंती हातभर जाड आहेत, दार तिजोरीसारखं आहे. ते लागलं की कानात स्वतःची नाडी तेवढी ऐकू येते. तिथला रेकॉर्डिंगवाला जन्मात हसलेला नाही, म्हणून आम्ही त्याचं नाव बर्फ्या ठेवलंय. माझं आपलं जुनंच आहे. तीच गिटार, करंगळीत तारांवरून घसरवायची तीच बाटलीच्या गळ्याची काच. आणि नियमही तोच: नवं गाणं झालं की पहिला कान तुझा. लहानपणी तू गिटारच्या पाठीला तळवा लावून बसायचीस आणि शेवटी तिनांतला एक निकाल द्यायचीस. राहू दे, बघू, नाहीतर जाऊ दे. तुझ्या जाऊ देने माझी निम्मी गाणी बारा वाटांनी गेली, आणि त्याबद्दल जगाने तुझे आभार मानायला हवेत.

हे गाणं तुझ्यावरच आहे. अण्णा गेले, मग तू टेलिफोन एक्सचेंजात लागलीस, आणि मी तुझा डबा घेऊन यायचो तेव्हा दारात उभा राहून बोर्डावरचे लाल दिवे बघायचो; एक लागला की तू तो फोन जोडून द्यायचीस. ते तेव्हा पाहिलं आणि गाणं आत्ता झालं.

लाल दिवा लागला गं, कुणीतरी बोलवतंय,
लाल दिवा लागला गं, कुणीतरी बोलवतंय,
सगळ्यांना जोडून दिलंस, तुला कोण जोडतंय?

आता ज्यासाठी पेन हातात घेतलं ते लिहितो. मागच्या आठवड्यात माइकसमोर एक जुनं गाणं गात होतो, झोपेतसुद्धा म्हणेन असं. पहिलं कडवं झालं, आणि दुसऱ्याच्या जागी काही नव्हतं. चुकलो असतो तर बरं होतं, पण तिथे काहीच नव्हतं. बर्फ्याने काचेपलीकडून थांबायचं का विचारलं, मी खोकल्याचं सोंग केलं. अक्का, मला अण्णा दिसले. हातात ब्रश, समोर अर्धी रंगवलेली पाटी, आणि तुला विचारताहेत की पोरी, यापुढे कुठलं अक्षर येतं. जन्मभर गावाच्या पाट्या रंगवलेला माणूस, आणि ती पाटी त्यांच्याच दुकानाची होती. ते आठवलं आणि माझी पाचावर धारण बसली. अण्णांचं जे झालं ते माझंही होणार का, एवढं एकच डोक्यात फिरतंय. ठकीला यातलं काही कळवू नकोस.

तुझ्या लोभावर इतकी वर्षं गायलो, तो आत्ताच आटू देऊ नकोस.

तुझा
खुळखुळा


२० फेब्रुवारी

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

कॅसेट मिळाली, ऐकली, दोनदा उलटीपालटी केली. निकाल ऐक: राहू दे. इतका स्वच्छ राहू दे मी तुला फार वर्षांनी दिला आहे, तेव्हा डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. डबा घेऊन यायचास ते लाल दिवे बघायला की बोर्डावरच्या पोरी बघायला, हे मला चांगलं ठाऊक आहे. शिवाय डब्यातली अर्धी पोळी वाटेतच संपलेली असायची, ते गाण्यात कुठे आलं नाही.

ऐकताना मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मला कोण जोडणार म्हणून विचारतोस, तर मला कुणी जोडायला नकोच. सगळे म्हणतात घरी फोन घ्या. जन्मभर कानाला ते डबडं लावून लोकांची भांडणं जोडून दिली, आता माझ्या घरात घंटा वाजायची नाही. ज्याला गरज असेल त्याने पोस्टाचं तिकीट लावावं.

तुझ्या भीतीचं म्हणशील तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस. या वयात शब्द पळायचेच. तू लहानपणी पाढे विसरायचास तेव्हा कुणी अण्णांचं नाव काढलं नव्हतं. अण्णांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना आपण विसरतोय हेच कळत नव्हतं. तुला कळतंय, म्हणजे तू ठीक आहेस. एवढं लक्षात ठेव आणि रोज थोडं चालत जा.

खालच्या टेलरची गंमत लिहायची राहिली. त्याचं मांजर एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाच्या बाहीत शिरून झोपलं. गिऱ्हाईक आलं, ऐटीत बाहीत हात घातला, आणि बाहीने फिस्स केलं! तो बिचारा एका बाहीचा कोट घालून चौकापर्यंत पळाला, आणि टेलर गळ्यात टेप घेऊन मागून ओरडतोय की साहेब, बटणं राहिलीत. मी खिडकीत बसून पोट धरून हसले.

माया आहे म्हणून बोलते, नाहीतर मला काय पडलंय.

तुझी
अक्का


१८ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा राहू दे खिशात घेऊनच मी कारखान्यात शिरलो. रेकॉर्डिंगला मी एक गाणं एकदाच गातो हे तुला माहीत आहे. दुसऱ्यांदा गायलं की ते पाठ म्हटल्यासारखं लागतं. त्यामुळे माझे साथीदार माझ्यावर कायम वैतागलेले असतात. लाल दिव्याच्या वेळी मात्र कुणी कुरकुर केली नाही. शेवटची तार विरली तरी बर्फ्या बटण बंद करेना. मग बाहेर आला आणि म्हणाला की त्याची आईही अशीच एका काउंटरवर बसायची. एवढं बोलून परत आत गेला. त्याच्यासाठी हे भाषणच झालं.

अल्बमला याच गाण्याचं नाव द्यायचं ठरलंय. कंपनीचा माणूस तर आत्तापासून हात चोळतोय, म्हणतो की म्हातारपणी असं गाणं होणं हा योगच. पक्कं झालेलं गाणं या पत्रासोबत पाठवतोय, म्हणजे तुला गिटारही नीट ऐकू येईल.

भीतीचं काय विचारतेस? ती आहे तिथेच आहे. चालायला जातो. घरातून निघताना कुलूप लावलं का हे बघायला परत येतो, आणि परत का आलो ते दारात आठवत बसतो. हे सगळ्यांचंच होतं म्हणतात. पण सगळ्यांच्या घरी अण्णा नव्हते. गिटारच्या कडेला आता शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवतो, आणि कुणी आलं की काढून टाकतो. डॉक्टरकडे जा म्हणशील. जाईन, अल्बम बाहेर पडू दे. आधीच काही निघालं तर माझ्याच्याने गाणं होणार नाही.

तुझा लोभ आहे तोवर माझे सूर ढिले पडणार नाहीत.

तुझा
खुळखुळा


६ एप्रिल

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला चार वेळा बसले आणि उठले. पण तोंडावर सांगणारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा सांगायलाच हवं.

तुझी कॅसेट मिळाली. इतक्या महिन्यांत एकदाचं काहीतरी पाठवलंस म्हणून हौसेने लावली. बाळा, ते लाल दिव्याचं गाणं तुझं नाही. ते अण्णांचं आहे. पाट्या रंगवताना ते हेच गुणगुणायचे. मला शब्द न् शब्द येतो. तू पुढची ओळ म्हणायच्या आधी मी म्हणत होते. सगळ्यांना जोडून दिलंस, तुला कोण जोडतंय, हे मी कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही. आणि तू ते माझ्यासाठी नवं केलंस म्हणून लिहितोस!

तू चोरी करणार नाहीस हे मी जाणते. म्हणूनच काळजात धस्स झालं. चोरी असती तर कान उपटून मोकळी झाले असते. लहानपणी कानावर पडलेलं तुझ्या डोक्यात कुठेतरी राहिलं, आणि आता तुला ते स्वतःचं वाटतंय. मागे तू अण्णांची भीती लिहिली होतीस, तेव्हा मी तुला उडवून लावलं. आता मलाच ती वाटते. तुला कळत नाहीये, आणि ते न कळणंच वाईट.

ते गाणं अल्बममध्ये घालू नकोस. उद्या कुणी ओळखलं तर लोक तोंडात शेण घालतील. आणि ठकीला सांग. मी सांगणार नव्हते, पण आता तू एकट्याने राहू नयेस असं मला वाटतं.

एवढं वाईट लिहिलं, आता जरा हसण्यासारखं लिहिते. खालच्या टेलरची गंमत झाली. त्याचं मांजर एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाच्या बाहीत शिरून झोपलं. गिऱ्हाइकाने हात घातला आणि बाहीने फिस्स केलं! तो एका बाहीचा कोट घालून चौकापर्यंत पळाला, आणि टेलर मागून ओरडतोय की साहेब, बटणं राहिलीत.

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

तुझी
अक्का


१५ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. रागावायला अंगात बळ लागतं. तुझं पत्र वाचून ते उरलं नाही.

तुझ्या आठवणीवर मी कधी शंका घेतलेली नाही. सबंध गावाचे नंबर तुला तोंडपाठ होते, लोक डिरेक्टरी ठेवून तुला विचारायचे. तू म्हणतेस म्हणजे गाणं अण्णांचंच. आणि खरं सांगू, मी डोळे मिटून बसलो तर मला ते ऐकूही आले. शिडीवर उभे राहून, ब्रश दातांत धरून लाल दिवा गुणगुणणारे. तू लिहीपर्यंत हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणजे किती खोल पुरलं गेलं होतं बघ.

काल गिटार हातात घेतली आणि काही वाजवेना. जी सुरावट बोटांत येते तिला विचारतो की बाई, तू कुणाची? माझं म्हणून आजवर जे गायलं त्यातलं माझं किती, हेच कळेनासं झालंय. बर्फ्याला रेकॉर्डिंग थांबवायला सांगितलं. कंपनीच्या माणसाला ते गाणं काढा म्हणून निरोप दिला. तो म्हणतो की मग बाकी अल्बमला अर्थ काय. मीही तेच म्हणतो. बहुतेक सगळंच रद्द करेन.

आणखी एक, हे तुलाच सांगतो. तुझं मांजराचं वाचलं आणि हसू यायच्या ऐवजी मला घाम फुटला. कोट, बाही, फिस्स, बटणं, सगळं मला आधीच माहीत होतं असं वाटलं. तू नवी गंमत लिहितेस आणि माझं डोकं तिला जुनी म्हणतं. गाणं जुनं असून नवं वाटलं, मांजर नवं असून जुनं वाटतं. आता कशावर विश्वास ठेवायचा? तुझं मागचं पत्र काढून बघावं असं मनात आलं, पण कपाटापर्यंत जायची हिंमत झाली नाही.

ठकीला सांगितलं. ती रडली नाही, बॅग भरायला लागली. अण्णांचं दुखणं कसं सुरू झालं ते विचारायला ती तुझ्याकडे येतेय. अण्णांचं गाणं तिला पूर्ण म्हणून दाखव. निदान ते तरी नीट कुणाकडे राहो.

लोभ असू दे, आता मला त्याची जास्त गरज आहे.

तुझा
खुळखुळा


२७ एप्रिल

ती. बाबांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

चौकातून फोन करणार होते, पण हे मला बोलता येणार नाही. म्हणून आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. ती खिडकीत बसली आहे आणि तुमचं गाणं लावलंय.

बाबा, गाणं तुमचंच आहे. तुम्ही काही विसरलेला नाहीत. विसरतेय ती आत्या.

मी आले तेव्हा तिने दार उघडलं आणि मला विचारलं की कोण हवंय. मला वाटलं, नेहमीची थट्टा करतेय, म्हणून मीही एक नंबर सांगितला. तिने तो लावल्यासारखा हात हवेत नेला आणि मग तिथेच थांबली. नंतर ओळखलं, जवळ घेतलं, वाळले म्हणून ओरडली. सगळं आत्यासारखंच होतं. पण चहा ठेवायला गेली तर साखरेच्या डब्यात किल्ल्या होत्या, आणि किल्ल्यांच्या खिळ्याला चहाची गाळणी. ते बघून ती माझ्यावरच चिडली की कुणीतरी येऊन घरात उलथापालथ करतं. तिला खरंच तसं वाटतंय. दाराला आतून खुर्ची लावून बसते.

गाण्याचं असं आहे. ती कॅसेट रोज वाजते. सकाळी मला म्हणाली की ऐक, धाकट्याने नवं गाणं पाठवलंय, निकाल राहू दे. जेवणानंतर तीच कॅसेट लावली आणि म्हणाली की हे आमच्या अण्णांचं, मला लहानपणापासून येतं. खालच्या टेलरकाकांना विचारलं. ते बिचारे आधी काही सांगेनात. मग म्हणाले की फेब्रुवारीपासून हे असंच चाललंय. इतक्या वेळा ऐकून ऐकून ते तिचं जुनं होऊन गेलं. आणि कोटाच्या बाहीची गोष्ट खरी आहे, पण ते मांजर मरून कितीतरी वर्षं झाली. ती गोष्ट त्यांना ती दर आठवड्याला सांगते, आणि ते दर वेळी हसतात.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. ती माझा हात धरून रडली. म्हणाली की तुझ्या बापाचं डोकं अण्णांसारखं व्हायला लागलंय, त्याला एकटं सोडू नकोस, तो मला लहान आहे. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा तशीच रडली. बाबा, मला इथे भीती वाटते. दिवसाउजेडीसुद्धा वाटते. ती बोलत असते तेव्हा नाही, ती बोलता बोलता थांबते आणि माझ्याकडे बघते तेव्हा.

सोमवारी तिला डॉक्टरकडे नेतेय. तुमची तपासणी आहे असं सांगितलंय, आणि सोबत म्हणून ती यायला तयार झाली आहे.

तुम्ही जपा. लोभ काय मागायचा, तुम्ही लवकर या.

तुमची
ठकी


३ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी माझा जीव भांड्यात पडला. तुला खोटं का सांगू? गाणं माझं, डोकं माझं, मी अजून मी आहे. तेवढा वेळ मी खुर्चीत मागे टेकून बसलो. आणि मग माझं सुख कुणाच्या जिवावर आलंय ते कळलं, आणि आरशासमोरून जायचीही लाज वाटली.

कपाटातून तिची दोन्ही पत्रं काढली. मांजर दोन्हींत आहे, बटणांसकट. तिने फेब्रुवारीत लिहिलं होतं की अण्णांना आपण विसरतोय हेच कळत नव्हतं, आणि तुला कळतंय म्हणजे तू ठीक आहेस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतोय. मी माझ्यासाठी साप साप म्हणून भुई धोपटत होतो, आणि साप तिच्या घरात होता.

तिला कुणी खोटं पाडायचं नाही. टेलरला सांग, तो हसतो तसाच हसत राहो. तिने गाणं अण्णांचं म्हटलं तर अण्णांचं. अल्बम काढतोय, ते गाणंही ठेवतोय, पण कव्हरच्या मागच्या बाजूला त्या गाण्यापुढे माझं नाव येणार नाही. तिथे छापायचं: जुनं गाणं, थोरल्या बहिणीच्या आठवणीतून. कंपनीच्या माणसाने डोक्याला हात लावला. म्हणाला की आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गाणं केलंत आणि ते वाऱ्यावर सोडताय. बर्फ्या तिथेच होता, त्याने मला बाहेर रस्त्यापर्यंत सोडलं.

नावाचं मला फारसं वाटत नाही. मला भीती वेगळीच आहे. लहानपणापासून मी जे गायलो ते आधी तिच्या तळव्याला गायलो. तो तळवा मला ओळखेनासा झाला तर गायचं कुणाला?

डॉक्टर काय म्हणतात ते कळव. गोड करून लिहू नकोस.

तुझ्यावर जीव असलेला,
बाबा


१९ जून

चि. खुळखुळ्यास,
अ. उ. आ.

आज सकाळी डोकं स्वच्छ आहे, म्हणून घाईने लिहिते. तुझा अल्बम आला. कव्हरवर तुझा फोटो बरा आहे, पण केस कापून काढायचा होता. मागची बाजू चष्मा लावून वाचली. थोरल्या बहिणीच्या आठवणीतून, असं छापलंय. आधी फार बरं वाटलं. टेलरला बोलावून दाखवलं. मग गाणं लावलं.

अरे, त्यात बोर्ड आहे. त्यात लाल दिवा आहे. अण्णा गेले तेव्हा मी एक्सचेंजची पायरीसुद्धा चढले नव्हते. मग अण्णा ते गाणं म्हणतील कसे?

मी उठून शोधाशोध केली. तुझ्या दोन कॅसेट निघाल्या. मला एकच आठवत होती. ठकी मला डॉक्टरकडे घेऊन गेली ते तुझ्यासाठी नव्हतं, हेही आता लक्षात आलं. तो डॉक्टर मला आज वार कोणता ते विचारत होता आणि मला वाटलं, बिचाऱ्याला ठाऊक नाही.

तर विसरतेय ती मी. आणि तू मला काही न बोलता स्वतःचं नाव पुसून टाकलंस. गाढवा, असं करतात का? ते परत छापून घे. माझ्या येडेपणापायी तुझं गाणं बेवारशी व्हायला नको.

मला फार भीती वाटते रे. मरायची नाही. अण्णा शेवटी शेवटी माझ्याकडे बघून कसे हसायचे, आठवतं? अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसे, सभ्यपणे. मी तुझ्याकडे बघून तसं हसेन, आणि मला त्यात काही चुकलंय असं वाटणारसुद्धा नाही. आत्ता हे कळतंय, दुपारी कळेल की नाही माहीत नाही. म्हणून पाकीट आत्ताच बंद करून टेलरजवळ देते.

टेलरच्या मांजराची एक गंमत आहे. ती तुला मी सांगितली का रे? सांगितली असेल तर तसं लिहू नकोस.

माझा लोभ आहे, हे तू माझ्यासाठीही लक्षात ठेव.

तुझी
अक्का


२४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. टेलरने त्याच दिवशी टाकलं, त्याचे माझ्यातर्फे आभार मान.

नाव परत छापणार नाही. रेकॉर्डिंगला एकदा गायलं की मी दुसऱ्यांदा गात नाही, तसंच हे. आणि तुला वाटतं तसा मी काही मोठा त्याग केलेला नाही. आमच्या या गाण्यांत ज्याचा कर्ता कुणाला माहीत नाही ते गाणं सगळ्यात वरचं. मी उभा जन्म तिथे पोचायला धडपडलो, आणि तू मला एका फटक्यात तिथे नेऊन बसवलंस, तेही अण्णांच्या तोंडी. परवा एका हॉलमध्ये गायलो. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ माझ्याआधी पुढची ओळ म्हणत होते. नंतर येऊन सांगत होते की हे गाणं त्यांनी फार लहानपणी ऐकलंय. मी म्हटलं, असेल.

भीती मलाही वाटते, तुझ्याइतकीच वाटते. ती नाही असं सांगायला मी येत नाहीये. मी राहायला येतोय, गिटार घेऊन, या शनिवारी. ठकीने इथली माझी खोली आवरून दिली आहे आणि बर्फ्या सामान पोचवणार आहे. साखरेच्या डब्यात किल्ल्या असतील तर असू देत, मी बिनसाखरेचा चहा पितो. दाराला खुर्ची लावलीस तरी चालेल, फक्त मी आत असताना लाव.

दुपारी ओळखलं नाहीस तर मी दार वाजवून सांगेन की एक गाणंवाला आलाय, पहिला कान हवाय. तू गिटारच्या पाठीला हात लाव आणि निकाल दे. अनोळखी माणसाचं गाणं आहे म्हणून सवलत देऊ नकोस.

आणि एकच गोष्ट दोनदा बोललीस म्हणून इतकी घाबरू नकोस. आमच्या ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदाच म्हणतात. तिसरी ओळ म्हणायला मी येतोय.

लोभ तू विसरलीस तरी मी धरून बसलोय.

तुझा
खुळखुळा

ता. क. : टेलरच्या मांजराचं तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी आलो की सगळं पहिल्यापासून सांग.